मंगळावर जायचंय? आधी लोणारला चल!

एक प्रश्न विचारू? पृथ्वी सोडून दुसऱ्या एखाद्या ग्रहावर कुणी राहत असेल का?

हो! आला ना डोळ्यांसमोर हिरव्या रंगाचा, मोठ्ठ्या डोळ्यांचा, बारीक मानेचा पाहुणा? तो सिनेमातला. त्याला जरा बाजूला बसव. शास्त्रज्ञ ज्यांना शोधताहेत ते फार म्हणजे फारच छोटे आहेत. इतके छोटे, की डोळ्यांना दिसणारच नाहीत. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, डोळे तर नाहीतच. पण ते जिवंत आहेत! खातात, वाढतात, एकाचे दोन होतात. त्यांना म्हणतात सूक्ष्मजीव.

आता गंमत ऐक. असे जीव परग्रहावर कसे राहू शकतील, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ कुठे येतात, ओळख पाहू! अमेरिकेत? जपानमध्ये? अंहं. ते येतात आपल्या महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात! जिजाऊंचं सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे ना, त्याच जिल्ह्यातल्या लोणारला. चल तर मग!

दोन सेकंदांत मेहकर ते लोणार!

लोणार गावाजवळ जमिनीत एक प्रचंड गोल खड्डा आहे. त्याला म्हणायचं विवर. किती मोठं? एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर! काठाकाठाने पूर्ण फेरी मारायची म्हटलं तर जवळजवळ सहा किलोमीटर चालावं लागेल. आणि खोली? काठावरून तळ्याच्या पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरपेक्षा जास्त. म्हणजे चाळीस मजली इमारत आत ठेवली तरी ती काठाच्या वर फारशी डोकावणार नाही!

एवढा खड्डा खणला कुणी?

खूप वर्षं लोकांना हेच कोडं होतं. गावात लवणासुराची गोष्ट सांगतात. तो जमिनीखाली दडून बसला होता आणि विष्णूने त्याला मारलं, अशी ती कथा. लोणारचं सुंदर दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेलं आहे. पुढे १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. मग अभ्यासक भांडू लागले. काही म्हणाले, हे तर ज्वालामुखीचं तोंड!

पण खरा पाहुणा आला होता वरून. थेट अवकाशातून! एक मोठा दगड, म्हणजे उल्का, येऊन इथे आदळला. अशा उल्का सेकंदाला दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही वेगाने येतात. मेहकर ते लोणार हे वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर कापायला एसटीला अर्धा तास तरी लागतो. उल्केला? दोन सेकंद! तू ‘मेहकर’ म्हणेपर्यंत ती लोणारला पोचलेली!

एवढ्या वेगाने आदळल्यावर काय होणार? जमिनीचा दगड फुटला, वितळला, उडाला. उडालेला माल भोवती पडला आणि विवराचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच झाला.

हे घडलं कधी? एका मोजणीचं उत्तर आहे सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. नंतरच्या दुसऱ्या मोजणीचं उत्तर आहे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी! केवढा फरक! शास्त्रज्ञांचा यावरचा वाद अजून रंगात आहे. तुझ्या मोठेपणी कदाचित तूच तो मिटवशील.

काचेने चुगली केली

पण उल्काच आदळली हे कळलं कसं? पाहून लिहून ठेवायला तर तेव्हा कुणीच नव्हतं!

सांगितलं एका काचेने. तिचं नाव जरा लांबलचक आहे. मास्केलिनाइट. म्हणून बघ मोठ्याने! मास्‌-के-लि-नाइट!

ही काच भट्टीत तयार होत नाही. ती ज्वालामुखीतही तयार होत नाही. दगडातल्या खड्यांना अचानक, भयंकर जोराचा दणका बसला तरच ती तयार होते. पृथ्वीवर एवढा दणका कोण देणार? उल्का! १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी जगाला कळवलं, की लोणारच्या दगडांत ही काच आहे. संपलं! ज्वालामुखी हरला, उल्का जिंकली.

आता खुर्चीला घट्ट धर. कारण पुढची गोष्ट त्याहून भारी आहे.

२५ ऑगस्ट १८६५. बिहारमधल्या शेरघाटी गावाजवळ आकाशातून एक दगड पडला. मास्केलिनाइट ही काच जगात पहिल्यांदा ओळखली गेली ती या शेरघाटीच्या दगडात! आणि तो दगड आला होता कुठून, माहितेय? मंगळावरून!

काय सांगतेस काय, मंगळावरून? असंच वाटलं ना? अगदी खरं! खूप पूर्वी मंगळावर एक उल्का आदळली. तिथले तुकडे इतक्या जोरात उडाले, की मंगळ सोडून अवकाशात गेले. भटकत भटकत त्यातला एक आपल्या दारी आला. पण त्यावर ‘मंगळ’ असं लिहिलेलं थोडंच होतं? मग ओळख कशी पटली? याच जातीच्या दुसऱ्या एका उल्केत हवेचे चिमुकले बुडबुडे अडकले होते. ती हवा तपासली. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तिथली हवा मोजलेली होतीच. दोन्ही पडताळून पाहिल्या. जुळल्या!

आणखी एक गंमत. लोणारचा दगड कसला आहे? काळा कातळ. शास्त्रज्ञ त्याला बसाल्ट म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तापलेला लाव्हा पसरला, थंड झाला आणि आपला काळा महाराष्ट्र तयार झाला! मंगळाची जमीनही बहुतेक अशाच बसाल्टची आहे. पृथ्वीवर बसाल्टमध्ये उल्केने पाडलेली आणि इतकी छान टिकलेली विवरं अगदी थोडी. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराचं नावच ‘लोणार’ ठेवलंय! बुलढाण्यातलं गाव मंगळाच्या नकाशावर! आहे की नाही शान?

हळद लाल होते तेव्हा

आता विवराच्या तळाशी जाऊ. तिथे आहे एक तळं. हिरवट पाणी, काठाला झाडी, कमळजादेवीचं जुनं देऊळ. पोहावंसं वाटेल. पण नको हं! हे पाणी भलतंच तिखट स्वभावाचं आहे.

का, ते बघायला स्वयंपाकघरात एक प्रयोग करू. आईला किंवा बाबांना सोबत घे. पांढऱ्या कागदावर हळद आणि पाण्याचा पातळ लेप लाव. वाळू दे. मग त्यावर पाण्यात कालवलेल्या पापडखाराचा एक थेंब टाक. अरेच्चा! पिवळी हळद लालसर झाली! आता त्यावर लिंबू पिळ. पुन्हा पिवळी!

लिंबू आंबट, म्हणजे आम्ल. पापडखार त्याच्या उलट, म्हणजे अल्क. कोण किती आंबट, कोण किती अल्क, हे सांगायला शास्त्रज्ञांनी एक जिना केलाय. त्याचं नाव पीएच. साधं शुद्ध पाणी सातव्या पायरीवर बसतं. लिंबू खाली, दुसऱ्या पायरीच्या आसपास. आणि लोणारचं पाणी? वर, साधारण दहाव्या पायरीवर! साबणाचं पाणीही तिथेच कुठेतरी बसतं.

तू म्हणशील, सात आणि दहा, फरक तीनच पायऱ्यांचा! अंहं, हा जिना लबाड आहे. इथे एक पायरी चढलं की दहापट वाढ. तीन पायऱ्या म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा. लोणारचं पाणी शुद्ध पाण्यापेक्षा हजारपट अल्क! वर ते खारटही आहे. पूर्वी लोक या तळ्यातून खार काढून विकायचे.

पाणी असं झालं कसं? विवर म्हणजे बंद वाटी. पाणी आत येतं, पण वाहून जायला वाट नाही. ऊन लागलं की पाण्याची वाफ होऊन उडते. क्षार मात्र उडत नाहीत. ते मागेच राहतात आणि वर्षानुवर्षं साठत जातात.

खारात पोहणारे वीर

अशा पाण्यात कोण जगेल? माशांना तर हे पाणी मानवणारच नाही. मग तळं ओसाड असेल ना?

मुळीच नाही! तळं जिवांनी भरलेलं आहे!

तळ्याला एरवी हिरवट रंग असतो. तो येतो स्पिरुलिना नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. दुकानात पौष्टिक म्हणून ज्याच्या गोळ्या मिळतात तोच हा! साबणासारखं पाणी त्याला घरच्यासारखं वाटतं.

आणि जून २०२० मध्ये काय झालं, माहितेय? लोणारचं तळं चक्क गुलाबी झालं! सगळं तळं! लोक थक्क झाले. वर्तमानपत्रांत फोटो आले. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं रंग टाकला असेल.

पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले. शास्त्रज्ञांनी तपासलं. गुलाबी रंगाचे धनी सापडले! ते होते हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. त्यांना मीठ मनापासून आवडतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांची चंगळ झाली. ते इतके वाढले, इतके वाढले, की त्यांच्या अंगातल्या गुलाबी रंगाने तळंच रंगलं. प्रयोगशाळेत ते पाणी न हलवता ठेवलं तर जीव तळाशी बसले. वरचं पाणी? स्वच्छ, बिनरंगाचं!

थांब, इथे एक कोडं आहे. कैरीच्या लोणच्यात आजी इतकं मीठ का घालते? लोणचं टिकावं म्हणून. मीठ सूक्ष्मजीवांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, ते बिचारे सुकतात आणि लोणचं नासत नाही. मग हे हॅलोआर्किया का सुकत नाहीत?

युक्ती बघ त्यांची! ते आपल्या अंगातच वेगळ्या प्रकारचे क्षार साठवून ठेवतात. आत क्षार, बाहेर क्षार. दोन्हीकडे सारखा जोर! मग पाणी बाहेर ओढलं जाईल कसं? शाब्बास रे पठ्ठ्यांनो!

तळ्याच्या तळाशी काळा चिखल आहे. तिथे प्राणवायू पोचत नाही. तू आणि मी तिथे क्षणभर टिकणार नाही. पण त्या चिखलातही जीव आहेत! ते प्राणवायूशिवाय जगतात आणि मिथेन नावाचा वायू तयार करतात. मिथेन तुझ्याही ओळखीचा असेल. गावाकडे शेणापासून गोबरगॅस करतात ना, चुलीत जळतो तो मिथेनच. तिथेही तो सूक्ष्मजीवच तयार करतात.

आता लक्षात आलं, लोणार परग्रहाची शाळा का आहे? आपल्याला वाटायचं, जिवाला गोडं पाणी हवं, मोकळी हवा हवी, सगळं बेताचं हवं. लोणारचे जीव म्हणतात, छे! आम्हाला थोडं पाणी द्या, थोडं खायला द्या. बाकीचं आमचं आम्ही बघतो!

मंगळावरचं तळं

चल, आता मंगळावर. आज तिथे कसं आहे? भयंकर! सरासरी थंडी शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ. तीही जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा पेला ओतलास तर ते उकळून उडेल नाहीतर गोठेल.

पण सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी? तेव्हा मंगळावर नद्या वाहत होत्या! तळी होती! आणि तळी कुठे साठत होती? उल्कांनी पाडलेल्या विवरांत! हो, लोणारसारखीच!

त्यातलं एक आहे जेझेरो विवर. रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. लोणारसारखी पंचवीस विवरं एका रांगेत मावतील! १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाची पर्सिव्हिअरन्स ही सहाचाकी गाडी तिथे उतरली. ती हळूहळू चालते, दगड पाहते, त्यांना भोकं पाडते आणि नमुने नळ्यांत भरून ठेवते.

जुलै २०२४ मध्ये तिला एक अजब दगड दिसला. त्यावर चक्क बिबट्यासारखे ठिपके! कडेला गडद, आत फिकट. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव राहतात तेव्हा अशा खुणा तयार होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की मंगळावर कधीकाळी जीव असण्याची ही खूण असू शकते.

नीट वाच हं. ‘असू शकते’! ‘आहे’ नाही. जिवांशिवायही असे ठिपके पडू शकतात का, हे अजून तपासायचंय.

मिथेनचंही तसंच. आपलं मंगळयान आठवतंय? ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागलं. पहिल्याच प्रयत्नात! त्यात मिथेन शोधणारं एक उपकरण होतं. कारण गोबरगॅस करणारे जीव तिथे असतील तर हवेत मिथेन मिळेल ना? नासाची क्युरिऑसिटी गाडी म्हणते, मला कधीकधी अगदी चिमूटभर मिळतो. मंगळाभोवती फिरणारं युरोपचं यान म्हणतं, मला तर दिसत नाही! शिवाय नुसत्या दगड-पाण्याच्या क्रियेतूनही मिथेन तयार होतो. म्हणजे मिथेन मिळाला तरी लगेच नाचायचं नाही.

आभाळात सोडलेला फुगा

हे थांबणं, तपासणं, घाई न करणं आपल्याच एका शास्त्रज्ञाने फार सुंदर दाखवलंय. डॉ. जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा. विश्वाचा अभ्यास करायचे आणि मराठीत झकास विज्ञानकथा लिहायचे!

त्यांना प्रश्न पडला. आपल्या हवेत खूप वर, जिथे विमानही जात नाही, तिथे जीव असतील का? मग काय केलं? भला मोठा फुगा सोडला! २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ ला, हैदराबादहून. फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली.

२००५ च्या नळ्यांत काय सापडलं? जिवंत जिवाणू! त्यातल्या तीन जाती तर जगाला माहीतच नव्हत्या. एकीला नाव दिलं इस्रोवरून, एकीला आर्यभटावरून आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यावरून. या तिन्ही जाती उन्हातल्या घातक अतिनील किरणांनाही आपल्या जवळच्या भाऊबंद जिवाणूंपेक्षा चांगलं तोंड देत होत्या.

मग हे जीव अवकाशातून आले का? ‘आलेच!’ असं ओरडण्याचा मोह कुणालाही होईल. पण शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की यावरून ते परग्रहावरून आले असं ठरत नाही. खालून वर गेलेलेही असू शकतात. मला हे उत्तर फार आवडतं. माहीत नाही तेव्हा माहीत नाही म्हणायला धीर लागतो!

मग उत्तर काय?

मंगळ एकटाच नाही बरं का! गुरूचा चंद्र युरोपा बर्फाने झाकलेला आहे आणि त्या बर्फाखाली खारट समुद्र असावा असं दिसतंय. युरोपा क्लिपर नावाचं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघालंय. २०३० मध्ये पोचेल. तेव्हा तू कितवीत असशील, मोज पाहू! आणि दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून जास्त ग्रह आजवर सापडलेत. सहा हजार!

परग्रहावर जीव असू शकतो का? लोणार म्हणतं, हो, असू शकतो. जीव भारी चिवट असतात. परग्रहावर जीव आहे का? अजून एकही सापडलेला नाही. ‘असू शकतो’ आणि ‘आहे’ यांच्यामधली जागा भरायला पुरावा लागतो.

म्हणून ‘परग्रहावर जीव सापडला!’ अशी बातमी वाचलीस, की तीन प्रश्न विचारायचे. पहिला, तिथे पाणी होतं का? दुसरा, ही खूण जिवांशिवाय तयार होऊ शकते का? तिसरा, दुसऱ्या कुणी तपासून पाहिलं का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तरच टाळ्या!

आणि लोणारला जाशील तेव्हा एक काम कर. तिथला दगड खिशात टाकू नकोस, पाण्यात कचरा टाकू नकोस आणि सोबतच्यांनाही टाकू देऊ नकोस. २०२० मध्ये हे तळं रामसर स्थळांच्या यादीत गेलं. म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ जागा! तिथलं सांडपाणी, साबण, प्लास्टिक तळ्यात गेलं तर पाण्याचा स्वभाव बदलतो आणि हजारो वर्षांचे हे गुलाबी-हिरवे रहिवासी संकटात येतात. मंगळावरचे जीव सापडतील तेव्हा सापडतील. लोणारचे तर सापडलेत! त्यांना सांभाळायचं काम आजपासूनच आपलं.